वेगळं ताट वाढू नका

नवऱ्याला किंवा बायकोला मधुमेह निघाला की घरात दोन स्वयंपाक सुरू होतात: एक 'पथ्याचा', एक बाकीच्यांचा. तिथेच गाडं अडतं. समोरचा चवीने खातोय आणि आपल्यापुढे शिक्षा, हे कुणालाच फार दिवस झेपत नाही. दोघांचं ताट एकच ठेवा. अर्ध्या ताटात भाज्या (बटाटा त्यात धरायचा नाही), पाव भागात प्रथिनं, उरलेल्या पाव भागात धान्य. भाजी आणि प्रथिनं आधी, धान्य शेवटी खाल्लं तर जेवणानंतरची रक्तातली साखर कमी चढते.

'हे खाऊ नकोस' म्हणत पहारा देऊ नका. माणूस मग चोरून खातो. त्यापेक्षा जेवायला सुरुवात केल्यापासून 2 तासांनी साखर मोजा आणि आकडा दोघांनी मिळून बघा. कुठला पदार्थ सोसतो, ते वादाविना कळतं.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर जेवण टाळणं किंवा एकदम कमी करणं धोक्याचं, आधी डॉक्टरांशी बोला. घाम, थरथर जाणवली आणि रक्तातली साखर 70 mg/dL च्या खाली असली, तर 15 ग्रॅम साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. तेव्हा मात्र पथ्य आठवायचं नाही!