फोंड्याच्या पोरांसोबत हा सिनेमा असा पाहा

दिग्दर्शक रॉन शेल्टनचा १९९२ सालचा बास्केटबॉलवरचा ‘व्हाइट मेन कान्ट जम्प’ मी पावसाळ्यात, कोर्ट निसरडं झालं की लावतो. फक्त मोठी मुलं बसवा, शिव्या भरपूर आहेत.

लॉस एंजेलिसच्या व्हेनिस बीचवरचा सुरुवातीचा खेळ दोनदा दाखवा. एकदा हसण्यासाठी: बिली झालेल्या वुडी हॅरलसनच्या बावळट अवताराला भुलून लोक पैजेत पैसे घालवतात. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त पाय बघायला सांगा. पास दिल्यावर कोण जागीच थांबतो, कोण लगेच बास्केटकडे धावतो? आमची मुलं हमखास थांबतात, म्हणून यावर वेळ द्या. मार्कीस जॉन्सन हा एनबीएचा (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) खराखुरा माजी खेळाडू यात आहे, त्याला शोधायला लावा.

बिली पैसे हरतो आणि त्याची मैत्रीण ग्लोरियाशी त्याचं बिनसतं, तिथे सिनेमा थांबवून बोला. पैशांची पैज आमच्याकडे साफ बंद. हरणाऱ्या जोडीने सगळ्यांना पातळभाजी-पाव द्यायचा.

उघडीप मिळताच अर्ध्या कोर्टवर दोघांविरुद्ध दोघे, अकरा गुणांपर्यंत खेळवा. बास्केट झाल्यावर चेंडू आधी कमानीबाहेर (तीन गुणांच्या रेषेबाहेर) न्यायचा. ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटणं) जास्तीत जास्त तीन, म्हणजे पास द्यावाच लागतो.