पान हिरवे, पण काम बंद: उन्हाळी पिकांसाठी सल्ला

दुपारी पाने हिरवीगार दिसतात म्हणून पीक वाढतेय असे धरून चालू नका. कडक उन्हात पानाचा रंग बिघडण्याच्या बऱ्याच आधी त्यातली अन्ननिर्मिती मंदावलेली असते.

हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेकडे नेण्याचे काम रुबिस्को हे विकर, म्हणजे एन्झाइम करते. ते स्वतः उष्णता बऱ्यापैकी सोसते. त्याला चालू ठेवणारे रुबिस्को ॲक्टिव्हेज मात्र नाजूक. पान साधारण ३५ अंशांपुढे तापले की अनेक पिकांत ते ढेपाळते, गव्हासारख्या थंडीच्या पिकात त्याआधीच. शिवाय उष्णता वाढली की रुबिस्को ऑक्सिजनही जास्त पकडू लागते आणि कमावलेले अन्न वाया जाते. मका, ज्वारी, उसात पहिली पकड दुसरे विकर करते, ते ऑक्सिजनच्या नादी लागत नाही. म्हणून आधी लक्ष द्यायचे ते टोमॅटो, मिरची, भुईमुगाकडे.

इथे हवेपेक्षा पानाचे तापमान महत्त्वाचे. पाणी मिळालेले पान बाष्पोत्सर्जनामुळे, म्हणजे पानातून वाफ बाहेर पडत राहिल्याने, हवेपेक्षा थोडे थंड राहू शकते. तहानलेले पान रंध्रे, म्हणजे पानावरची बारीक छिद्रे, मिटून घेते आणि तापते. मग कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, ऊन मात्र शोषले जातच राहते, आणि त्या जादा ऊर्जेतून पेशी जाळणारी ऑक्सिजनची रूपे तयार होतात. त्यामुळे उष्णतेची लाट येणार असे कळले की ती येण्याआधीच पाणी द्या, आच्छादन करा. हलक्या जमिनीत पाळ्या जवळ आणा, प्रत्येक पाळीत पाणी कमी ठेवा. दुपारी माना टाकलेली रोपे संध्याकाळी सावरली तर घाबरू नका. सकाळीही मलूल दिसली तर मुळाजवळची माती उकरून पाहा. कोरडी असेल तर पाणी द्या. चिखल असेल तर मुळे गुदमरली आहेत, पाणी थांबवा.

रुबिस्कोला मॅग्नेशियम लागते, घातक ऑक्सिजन निस्तरणाऱ्या विकरांना जस्त, मँगनीज, लोह, तांबे. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडत असेल, त्यातही उन्हातली बाजू सावलीतल्या बाजूपेक्षा जास्त पिवळी असेल, तर मॅग्नेशियम कमी असल्याची शंका घ्या. पालाश भरमसाठ दिलेल्या शेतात हे हमखास तपासा, कारण जादा पालाश मॅग्नेशियमची उचल अडवतो. लिटरला ५ ते १० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घेऊन आधी चार-सहा रोपांवर फवारून पाहा, तेही ऊन उतरल्यावर.

'उष्णतेवर विकरयुक्त टॉनिक' म्हणून मिळणाऱ्या बाटलीवर पैसे घालवू नका. बाहेरून फवारलेले रुबिस्को पानातल्या हरितलवकात, म्हणजे अन्न तयार होते त्या हिरव्या कणांत, पोहोचत नाही, झाड ते आतच घडवते. त्यासाठी नत्र लागतो हे खरे, पण लाट चालू असताना युरियाचा मोठा हप्ता देऊ नका. ऊन ओसरून नवी पालवी तजेलदार दिसू लागली की मग द्या.