वर्गणीच्या युद्धकादंबऱ्या जमवताय? या चुका टाळा

पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा. रविवारी निवांत उघडू, दोन-तीन साठले की एकदम लावू, असं म्हणणाऱ्यांचेच संच अर्धवट राहिलेले मी पाहिले आहेत. विज्ञानकथेतल्या युद्धकादंबऱ्यांची ८० खंडांची हार्डबाउंड मालिका दर पंधरा दिवसांनी किंवा महिन्याला एक खंड अशी घरी येते, म्हणजे ती जमवण्याचं काम तीन ते सात वर्षं चालतं. एवढ्या काळात एकच खंड निसटला तरी संच अर्धवट राहायला पुरे होतं.

तो निसटतो कसा, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. अशा मालिकांत पुस्तकाला दोन क्रमांक असू शकतात. एक ते किती नंबरला प्रसिद्ध झालं त्याचा आणि दुसरा कण्यावर, म्हणजे फळीवर लावल्यावर समोर दिसणाऱ्या बांधणीच्या कडेवर, छापलेला. सातव्या पार्सलमधल्या पुस्तकाच्या कण्यावर ३४ असू शकतं. त्यामुळे पहिली काही वर्षं फळीवर जागोजाग भोकं असतातच, आणि त्यातलं एक भोक कायमचं आहे हे कळायला वाव नसतो.

माझं हेच झालं. घरात आजारपण होतं, चार महिन्यांत आलेली पार्सलं मी दाराशेजारी रचून ठेवली. उघडली तेव्हा एकाच खंडाच्या दोन प्रती निघाल्या आणि खंड ४१ कुठेच नव्हता. तक्रारीची मुदत केव्हाच उलटली होती, शिल्लक प्रतीही संपल्या होत्या. सगळे कणे ओळीत लावले की एक सलग रणभूमी दिसते, त्यातला रणगाडा नेमका ४० ते ४२ वर पसरलेला. मागचा भाग आहे, तोफेचं टोक आहे, मधलं धूड नाही. तो खंड मिळवायला मला चौदा महिने लागले. मिळाला तो उन्हाने विटलेल्या कण्याचा, आणि आजही तो रांगेत वेगळा उठून दिसतो.

उशिरा येणारे खंड असे दुर्मीळ होण्यामागे साधं कारण आहे. पहिल्या पार्सलचा खंड स्वस्तात आणि ढिगाने छापतात, कारण त्यावर वर्गणीदार मिळवायचे असतात. पुढे लोक गळत जातात तशी छपाई कमी होते. तो कुठेही मिळेल. साठाव्या-सत्तराव्या पार्सलमधला खंड हातचा गेला की शोधत बसा.

म्हणून माझ्याकडे एक वही आहे. एका पानावर ८० चौकटी, प्रत्येकीत कण्यावरचा क्रमांक, आल्याची तारीख आणि तपासल्याची खूण. मोबाइलमधल्या यादीने हेच काम होतं म्हणतात, पण मला पेनाने मारलेली खूणच भरवशाची वाटते. खोका उघडण्याआधी त्याचा फोटो काढायचा, मग चारही कोपरे बघायचे, मग पृष्ठक्रमांक चाळायचे. छापखान्यात एखादा १६ पानी फर्मा, म्हणजे एकत्र घडी घालून बांधलेला पानांचा गठ्ठा, राहून जातो किंवा दोनदा बांधला जातो. हे वाचताना सहा महिन्यांनी कळलं तर त्याचा काही उपयोग नाही.

दुसरी चूक: 'ही कादंबरी माझ्याकडे पेपरबॅकमध्ये आहे, हा खंड नको.' चित्रातला तो तुकडा पेपरबॅकमध्ये नसतो. ज्यांनी ज्यांनी खंड गाळला, त्यांनी पुढे तोच खंड जास्त पैसे मोजून घेतला. तुमच्याकडचा पेपरबॅक मित्राला वाचायला द्या.

कण्यावरचा क्रमांक म्हणजे वाचनाचा क्रम, असंही धरून चालू नका. वॉरहॅमर ४०,००० या टेबलावर खेळायच्या युद्धखेळाचं विश्व घ्या. मूळ खेळ १९८७ चा, त्यातली मुख्य युद्धं ४१ व्या सहस्रकातली. पण २००६ पासून निघालेली होरस हेरसी ही मालिका त्याच्या दहा हजार वर्षं आधीची बंडाळी सांगते, आणि तिचे क्रमांकित खंडच ५४ आहेत. डॅन अॅबनेट यांची गॉन्ट्स घोस्ट्स ही पायदळाच्या एका रेजिमेंटची गोष्ट १९९९ पासून चालू आहे. अशा विश्वातल्या निवडक कादंबऱ्या एका संचात आल्या की काळ मागेपुढे होणारच. गॉन्ट्स घोस्ट्ससारख्या उपमालिकेचा पहिला भाग आला की मी लगेच वाचत नाही. निदान पहिले तीन हाती आले की सुरू करतो. रेजिमेंटमधला कोण आधीच मेलाय हे चौथ्या भागात कळलं, की पहिल्या तिन्हींतली त्याची प्रत्येक लढाई फिकी पडते.

आता फळी. ८० खंड, प्रत्येकी सुमारे ३ सेंटिमीटर, म्हणजे २४० सेंटिमीटर जागा. वजन अर्धा-अर्धा किलो धरलं तरी ४० किलो. ८० सेंटिमीटरच्या तीन फळ्या लागतात, आणि भुशाच्या बोर्डाची फळी मध्ये टेकू नसेल तर वर्षभरात वाकते. फळी वाकली की कणे तिरके होतात आणि चित्राच्या रेषा जुळत नाहीत. चित्र कुठे तोडायचं हेही आधीच ठरवा, एखाद्या सैनिकाच्या चेहऱ्यावर नको.

कपाट खिडकीसमोर तर मुळीच नको. उन्हाने लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी-काळी राहते. युद्धचित्रात आगच जास्त असते, त्यामुळे दोन उन्हाळ्यांत स्फोट राखेसारखे दिसायला लागतात. गेलेला रंग कशानेही परत येत नाही. हवेतली आर्द्रता ३५ ते ५० टक्के राहिली तर उत्तम, ६५ च्या वर गेली की बुरशी धरते. कपाटात एक छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

पीव्हीसीची कव्हरं घालू नका, ती कालांतराने चिकटतात. फाटलं तिथे सेलोटेप नको. डांबर गोळ्यांचा वास पानांत मुरतो, तो जात नाही. पुस्तक काढताना कण्याचं वरचं टोक ओढू नका. शेजारची दोन आत ढकला आणि मधलं पकडून काढा.

आणि कुणीतरी सोडून दिलेले चाळीस खंड एकगठ्ठा स्वस्तात मिळतायत म्हणून उडी मारू नका. वेगवेगळ्या देशांतल्या आवृत्त्यांत खंडांची निवड आणि क्रमांक बदललेले असू शकतात, छपाई वेगळी असेल तर चित्र दोन-तीन मिलिमीटरने वर-खाली होतं. विकणाऱ्याकडून कण्यांचा सलग फोटो मागवा. तो देत नसेल तर घेऊ नका. ही घाई करणारे बहुतेक जण एक वर्ष वाट बघायला तयार नसतात, आणि मग उरलेल्या खंडांच्या मागे पाच वर्षं धावतात.

पैसे ज्या कार्डावरून जातात त्याची मुदत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुदत संपली की पुस्तकं येणं थांबतं, आणि ते लक्षात येईपर्यंत दोन खंड गेलेले असतात. घर बदलणार असाल तर पत्ता महिनाभर आधी कळवा.

शेवटी, ठरलेले खंड संपत आले की अशा मालिका पुष्कळदा वाढवतात. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, त्यामुळे तुमच्या नकळत नव्वदावा खंडही येऊ शकतो. वाढीव खंडांचे कणे जुन्या चित्राला जोडून येतात की नवं चित्र सुरू करतात, हे दिसेपर्यंत मी हो म्हणत नाही. माझ्या संचात नवं चित्र सुरू होत होतं. मी ८० वर थांबलो आणि चौथ्या फळीवर उपमालिकांचे राहिलेले भाग सुटे विकत घेऊन लावले.