की-बोर्ड भलतीच चिन्हं उमटवतोय? या चुका टाळा

शिफ्ट धरून २ दाबलं की @ ऐवजी " येतं, ३ वर # ऐवजी £ येतं, अक्षरं मात्र सगळी बरोबर. इंदुरात अशा वेळी लोक लॅपटॉप बगलेत मारून थेट कॉम्प्युटरच्या दुकानांचा सिल्व्हर मॉल गाठतात. पहिली चूक हीच. की-बोर्ड धडधाकट आहे. विंडोजने ब्रिटिश मांडणी धरली आहे आणि तुमच्या बटणांवर छापलीय अमेरिकन, एवढंच.

सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन उघडा. इंग्लिशसमोरच्या तीन टिंबांतून लँग्वेज ऑप्शन्समध्ये जा आणि 'युनायटेड किंग्डम' ही मांडणी काढून टाका. ती एकटीच असेल तर आधी 'यूएस' जोडा, मग ती काढता येईल. मला स्वतःला 'इंग्लिश इंडिया' जास्त सोयीची वाटते: चिन्हं अमेरिकन जागीच राहतात, शिवाय उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ मिळतो. अवतरणचिन्ह दाबल्यावर काहीच न येता पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढत असेल, तर 'युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल' निवडलेलं आहे. तेही काढा.

दुसरी चूक म्हणजे विंडोज आणि स्पेस दाबून तेवढ्यापुरती मांडणी बदलायची आणि झालं म्हणायचं. आपल्याकडच्या मराठी घरांत एकाच कॉम्प्युटरवर इंग्रजी, हिंदी, मराठी तिन्ही असतात. त्यात कुणी सीपीसीटीची, म्हणजे मध्य प्रदेशातल्या कॉम्प्युटर-टायपिंगच्या परीक्षेची, तयारी करत असेल तर इनस्क्रिप्ट नाहीतर रेमिंग्टन गेल या हिंदी टायपिंगच्या मांडण्याही. डावा ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबले गेले की भाषा बदलते. नको असलेल्या मांडण्या काढल्याशिवाय हा घोळ मिटत नाही.

पासवर्ड चुकतोय म्हणून लगेच रीसेट करू नका. त्यात @ असेल तर डोळ्याच्या खुणेवर क्लिक करून काय उमटतंय ते बघा. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडे मांडणी बदलता येते.

यू, आय, ओ ऐवजी ४, ५, ६ येत असतील तर नम लॉक चालू आहे. तो बंद करा; काही लॅपटॉपवर त्यासाठी एफएन (Fn) बटणही धरावं लागतं. आणि कुणी पाठवलेली हिंदी फाइल इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत असेल तर की-बोर्डला हात लावू नका, तिथे कृतिदेव फॉन्ट हवा.

तरीही शंका असेल तर विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबा. पडद्यावर की-बोर्ड येईल. शिफ्ट दाबून ठेवा: तिथे २ च्या जागी " दिसलं तर दोष मांडणीचा. पडद्यावर @ आहे, पण खरं बटण दाबलं की शेजारचंही उजळतं किंवा काहीच उजळत नाही, तर बटणाखाली चहा-बिहा गेलाय. मग यूएसबीचा दुसरा की-बोर्ड लावून बघा. तो नीट चालला तरच दुरुस्तीवाल्याकडे जा.