प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात चित्रकथा: निवड, मांडणी आणि पावसाळा

चित्रकथा मुखपृष्ठ पाहून घेऊ नका. दादरच्या दुकानात उभ्या उभ्याच मधलं एखादं पान उघडा आणि पात्रांच्या संवादांचे फुगे वाचा. इंग्रजीवरून मराठीत आलेल्या पुस्तकांत खरी गडबड इथे असते. फुगा इंग्रजी मजकुराच्या मापाने काढलेला, मराठी वाक्य त्यात मावत नाही. मग अक्षर बारीक करतात, रफार आणि वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. दुसरीतलं मूल अडखळतं आणि ‘याला वाचता येत नाही’ असा शिक्का बसतो, दोष पुस्तकाचा असूनही. हातभर अंतरावरून रफार स्पष्ट दिसत नसतील, तर पहिली-दुसरीसाठी ते पुस्तक बाद.

याच वर्गांना पानावर दोन ते चार चौकटी पुरेत. चौथीपर्यंत सहा चालतात. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय दाखल करू नका. पुराणकथा आणि इतिहासाच्या अंकांत लढाया-वध मोठ्या चौकटीत रंगवलेले असतात, ते चौथीच्या कपाटात शोभतात, पहिलीच्या नाही.

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, आणि मराठी माध्यमाच्या वर्गातही घरी भोजपुरी किंवा गुजराती बोलणारी मुलं असतात. त्यांच्यासाठी बिनशब्दांच्या चित्रकथा घ्याच. एका चौकटीतून दुसरीत जाताना मध्ये काय घडलं, हे मुलाला सांगायला लावा. वाचन इथूनच सुरू होतं, म्हणून या पुस्तकांना ‘नुसती चित्रं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नये. उर्दू पुस्तकं आणि मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचतात. अशा पुस्तकाच्या आतल्या पानावर बाण काढून ठेवा.

ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात चित्रकथा 741.5 खाली, म्हणजे कलेच्या पुस्तकांत जातात. लहान मुलांना त्या तिथे सापडत नाहीत. क्रमांक हवा तर दाखल रजिस्टरमध्ये लिहा, कप्पा मात्र वेगळा ठेवा, मुलांच्या छातीच्या उंचीवर, मुखपृष्ठ समोर करून. मालिका असेल तर रजिस्टरमध्ये मालिकेचं नाव आणि भाग क्रमांक असे दोन वेगळे रकाने करा. पहिल्या भागाच्या दोन प्रती घ्या, कारण तोच आधी फाटतो आणि तो नसला की पुढचे भाग पडून राहतात.

आता मुंबईची हवा. ‘अमर चित्र कथा’सारख्या 32 पानी अंकांना मध्ये पिना असतात. दमट हवेत त्या गंजतात, गंज कागद खातो आणि मधलं पान सुटतं. म्हणून अंक वाटण्याआधीच पिना काढून तो शिवून घ्या. मधलं पान उघडा, घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा: एक मध्यावर, दोन टोकांपासून साधारण 4 सेंमी आत. मेण लावलेला दोरा अंकाच्या उंचीच्या अडीचपट घ्या. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत आणा, आतूनच सरळ खालच्या भोकाशी नेऊन बाहेर काढा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत घ्या. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा. टाका घडीच्या रेषेतच ओढा. पानाच्या दिशेने ओढलात तर कागद चिरतो.

जाड, गोंदाने चिकटवलेली पुस्तकं बाइंडरकडे देताना एक गोष्ट बजावून सांगा: कडेने आडवी शिलाई नको. त्यात पानाचा जवळजवळ एक सेंमी भाग कण्यात जातो. साध्या पुस्तकात समास जातो, चित्रकथेत अर्धी चौकट आणि फुगा. फाटल्या पानाला सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते आणि रंग सोबत घेऊन निघते. पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ बरी. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की कसर लागत नाही, असं जुने बाइंडर सांगतात, पण ते विषारी आहे, मुलांच्या पुस्तकात घालू नका.

जून-जुलैत दप्तरातून भिजलेली पुस्तकं परत येणारच. चित्रकथांचा गुळगुळीत आर्ट पेपर ओला असताना दाबून ठेवला, तर सुकल्यावर पानं एकमेकांना कायमची चिकटतात. त्यामुळे पुस्तक ओलं असतानाच प्रत्येक पानामध्ये बटर पेपर सरकवा आणि पंख्याखाली उभं ठेवा. त्या दिवशी वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका. गोठलेलं असेपर्यंत पानं चिकटत नाहीत, बुरशीही धरत नाही. सवड मिळाली की बाहेर काढून पानं सुटी करा.