द्रावकं पाठवण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

ज्वलनशील द्रावकांच्या वाहतुकीच्या कामात नव्याने आलेल्यांना पहिली धडकी भरते ती नियमांच्या जाडजूड पुस्तकांची. एवढं सगळं पाठ कधी होणार? होत नाही, आणि करायचंही नसतं. मी इतकी वर्षं हेच काम करतोय, तरी कंसाइनमेंट आली की पुस्तक उघडतोच. आयएटीएचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, हवाई नियम दरवर्षी नव्या आवृत्तीत येतात, समुद्री वाहतुकीचा आयएमडीजी कोड दर दोन वर्षांनी सुधारला जातो. गेल्या वर्षीची आठवण यात धोक्याचीच.

डोक्यात पक्कं बसायला हवं ते वर्गीकरण. फ्लॅश पॉइंट म्हणजे द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते सर्वांत कमी तापमान. बंद कपाच्या चाचणीत तो ६० अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी आला, तर ते द्रव साधारणपणे क्लास ३ मध्ये, म्हणजे ज्वलनशील द्रवांत जातं. मग पॅकिंग ग्रुप, म्हणजे धोका किती मोठा याची प्रतवारी. द्रव ३५ अंशांवर किंवा त्याआधीच उकळायला लागत असेल तर ग्रुप १, सगळ्यात धोक्याचा. त्यापेक्षा वर उकळतं पण फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली आहे, तर ग्रुप २. फ्लॅश पॉइंट २३ ते ६० च्या दरम्यान असेल तर ग्रुप ३. डायएथिल ईथर ३५ च्या जरा अलीकडेच उकळतं, म्हणून यूएन ११५५ (धोकादायक मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), ग्रुप १. ॲसिटोन ५६ ला उकळतं आणि त्याचा फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली आहे, म्हणून यूएन १०९०, ग्रुप २. प्रयोगशाळेच्या कपाटात दोन्ही बाटल्या शेजारी उभ्या असतात, पण प्रवासी विमानात ॲसिटोनच्या एका खोक्यात ५ लिटर चालतं आणि ईथरच्या खोक्यात फक्त १ लिटर.

‘द्रावक म्हणजे क्लास ३’ हे समीकरण मात्र डोक्यातून काढून टाका. डायक्लोरोमिथेन त्याच कपाटातलं, पण ते यूएन १५९३, क्लास ६.१, म्हणजे विषारी पदार्थ. मिथेनॉल क्लास ३ मध्ये आहे, पण आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला विषारीपणाचा दुय्यम धोकाही जोडलेला आहे, त्यामुळे खोक्यावर दोन लेबलं लागतात. डीएमएफ (डायमिथाइलफॉर्ममाइड) या द्रावकाचा फ्लॅश पॉइंट ६० च्या किंचित खाली असल्याने ते यूएन २२६५ म्हणून जातं. डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) पेटू शकतं, पण त्याचा फ्लॅश पॉइंट ६० च्या बराच वर, म्हणून ते या वर्गात येतच नाही.

ही माहिती एसडीएसच्या, म्हणजे रसायनासोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या, १४ व्या विभागात तयार मिळते आणि बहुतेक जण तिथूनच उतरवून घेतात. माझा आग्रह असा की आधी ९ वा विभाग वाचा, फ्लॅश पॉइंट आणि उत्कलनबिंदू बघून स्वतः ग्रुप काढा आणि मगच १४ व्याशी ताडून पाहा. मिश्रणांच्या एसडीएसमध्ये या दोन विभागांचं एकमेकांशी न जुळणं मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्याचं नवल वाटत नाही. डिक्लेरेशनवर, म्हणजे धोकादायक मालाच्या घोषणापत्रावर, सही शिपरची, म्हणजे माल पाठवणाऱ्याची असते. एसडीएस चुकीची होती, ही सबब तिथे कामी येत नाही.

यूएन नंबर सगळीकडे एकच, पण वाहतुकीचा मार्ग बदलला की मर्यादा बदलतात. नवखे सर्वांत जास्त अडखळतात ते ‘लिमिटेड क्वांटिटी’च्या, म्हणजे थोड्या प्रमाणातल्या मालाला काही नियमांतून मिळणाऱ्या सवलतीत. समुद्रमार्गे ॲसिटोन एकेक लिटरच्या बाटल्यांत भरून, खोक्याचं एकूण वजन ३० किलोपर्यंत ठेवून या सवलतीत पाठवता येतं. हवाईमार्गे याच सवलतीत अख्ख्या खोक्यात मिळून १ लिटर. समुद्रासाठी बांधलेलं खोकं घाईच्या ऑर्डरीला विमानाने न्यायचं ठरलं की सगळं पॅकिंग उसकटावं लागतं. म्हणून माल कशाने जाणार, हा प्रश्न टेप लावण्याआधी विचारा.

सवलत नसेल तर यूएन-प्रमाणित पॅकेजिंग लागतं. त्यावरच्या खुणेत एक्स असेल तर तिन्ही ग्रुप चालतात, वाय असेल तर २ आणि ३, झेड असेल तर फक्त ३. खोक्याच्या आतली बाटली, आवरण, मांडणी हे सगळं जसं चाचणीला दिलं होतं तसंच हवं. ‘त्याच मापाची दुसरी बाटली आहे’ म्हणून ती आत टाकली तर ती खूण त्या खोक्यापुरती निरर्थक ठरते. प्लॅस्टिकच्या ड्रमचं आणि जेरीकॅनचं आयुष्य साधारणपणे निर्मितीपासून ५ वर्षं धरतात, म्हणून निर्मितीची तारीख बघायची सवय लावा. आणि काठोकाठ भरायचं नाही: ५५ अंशांना द्रव फुगल्यावरही आत जागा उरली पाहिजे.

कागदांवर व्यापारी नाव चालत नाही, नियमांच्या यादीतलं अधिकृत नावच लिहायचं. विमानासाठी आणखी एक पाहायचं असतं: वेगवेगळ्या देशांच्या आणि विमान कंपन्यांच्या जादा अटी. त्या पुस्तकातच असतात, पण नवे लोक ती पानं उलटतच नाहीत आणि माल काउंटरवरून परत येतो.

कोणतं प्रशिक्षण आधी घ्यावं, असं मला विचारतात. मी हवाई नियमांचं सुचवतो. ते सर्वांत कडक आहेत, तक्ते रोज हाताळावे लागतात आणि साधारणपणे दर २४ महिन्यांनी उजळणी करावीच लागते. ते जमल्यावर समुद्राचा कोड वाचायला घेतलात की ओळखीच्या रचनेत फक्त आकडे नवे दिसतात. अपवाद कंटेनरमधल्या मालाच्या विलगीकरणाचा. क्लास ३ आणि ऑक्सिडायझर (आग भडकवणारे पदार्थ) एकमेकांपासून किती लांब ठेवायचे, याचे तक्ते वेगळे बसून शिकावे लागतात, आणि ते एखाद्या जुन्या जाणत्या सहकाऱ्याच्या शेजारी बसून शिकलेलं बरं.