फॅन्टसी बेसबॉल: मायनर लीगमधली पोरं पारखायची कशी (नाशिकच्या डायनॅस्टीवाल्यांसाठी)

नाशिकमधे फॅन्टसी म्हटलं की आयपीएल, ते ठीकच आहे, पण आपल्यातल्या ज्या मंडळींना अमेरिकन क्लायंटमुळे बेसबॉलची गोडी लागलीये आणि आता डायनॅस्टी लीगमधे उतरायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. डायनॅस्टी म्हणजे एकदा घेतलेला प्लेअर तुमचाच, दरवर्षी नव्यानं सगळी टीम ड्राफ्ट करायची नाही, त्यामुळे आज १८ वर्षांचा असलेला आणि मेजर लीगमधे (अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग, तिच्या खालच्या त्या मायनर लीग) अजून चार वर्षं न दिसणारा पोरगासुद्धा तुमच्या टीममधे बसवून ठेवता येतो. आणि माझं ठाम मत आहे की डायनॅस्टी लीग जिंकली जाते ती इथेच, मोठी नावं तर सगळ्यांनाच माहीत असतात. पैसे लावायचे नाहीत हे आधीच सांगतो, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर तो विषय संपलाय, आणि फॅन्ट्रॅक्स या साइटवर लीग फुकटात चालवता येते.

आधी शिडी समजून घ्या. प्रत्येक मेजर लीग टीमच्या खाली चार मुख्य पायऱ्या असतात, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए, आणि त्याच्याही खाली अगदी नवख्यांच्या कॉम्प्लेक्स लीग. पोरं तीन वाटांनी येतात, हायस्कूलमधून १८ च्या आसपास, कॉलेजमधून २१ च्या आसपास, आणि डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला वगैरे देशांतून १६ व्या वर्षीच करार करून. म्हणजे एकाच टीममधे, एकाच पायरीवर १९ चा पण असतो आणि २४ चा पण, आणि दोघांचे आकडे सारखे असले तरी दोघं सारखे नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न कायम हाच, वय किती आणि पायरी कुठली. बाकी सगळं नंतर. माझा ढोबळ हिशोब असा की १९ पर्यंत सिंगल-ए, २० ला हाय-ए, २१ ला डबल-ए आणि २२ ला ट्रिपल-ए असेल तर पोरगा वेळेवर आहे, याच्यापेक्षा वर्षभर पुढे असेल तर कान टवकारायचे आणि दोन वर्षं मागे असेल तर आकडे कितीही गोड दिसू देत, हात आखडता घ्यायचा. २४ वर्षांचा बॅटर हाय-ए मधे .३२० ॲव्हरेजनं (म्हणजे शंभरात ३२ हिट) मारतोय म्हणजे तो मोठा होऊन लहान मुलांना मारतोय. उलट माईक ट्राऊट २०११ मधे १९ व्या वर्षी डबल-ए खेळत होता आणि त्याच जुलैत थेट मेजर लीगला गेला. आपल्या रणजी टीममधे १८ वर्षांचं पोरगं ४० च्या ॲव्हरेजनं खेळलं तर आपण त्याच्याकडे ३० वर्षांच्या ४० वाल्यापेक्षा वेगळ्या नजरेनं बघतो ना, तेच इथे.

वय झालं की स्ट्राईकआऊट (तीन स्ट्राईक होऊन बॅटर आऊट) आणि वॉक (चार बॉल बाहेर पडले की फुकट पहिला बेस). सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. नवीन माणूस बॅटिंग ॲव्हरेज बघतो, होम रन बघतो, आणि तिथेच फसतो कारण ॲव्हरेजमधे नशीब भरपूर असतं, बॉल फिल्डरच्या दोन हात बाजूनं गेला की हिट आणि हातात गेला की आऊट, शंभर-दीडशे टर्नमधे (टर्न म्हणजे बॅटरची एक पाळी) त्याच्यावरून काहीच सांगता येत नाही. स्ट्राईकआऊटचं प्रमाण मात्र खूप लवकर खरा चेहरा दाखवतं. दिंडोरी-निफाडकडची मंडळी ऑक्टोबर छाटणीच्या आधी काडी लॅबमधे देऊन डोळे तपासून घेतात, वेलीवर घड दिसायच्या कितीतरी आधी आत घड आहे का नाही ते कळावं म्हणून, तर ॲव्हरेज म्हणजे बाहेर दिसणारा घड आणि स्ट्राईकआऊट-वॉक म्हणजे ती डोळ्याची तपासणी. मेजर लीगमधे साधारण दर शंभर टर्नला २२-२३ स्ट्राईकआऊट आणि आठ-नऊ वॉक होतात. आता डबल-ए मधेच जो शंभरात ३० वेळा स्ट्राईकआऊट होतोय त्याचं वरच्या पिचरसमोर (पिचर म्हणजे बॉल टाकणारा) काय होणार विचार करा. आणि जो १५-१६ वरच थांबतो, वॉक १० च्या पुढे घेतो, आणि वय पण कमी, तो पोरगा होम रन मारत नसला तरी उचलून ठेवा. अंगात ताकद २२-२३ पर्यंत भरते, बॉल ओळखायची नजर मात्र नंतर येणं लय अवघड असतं.

एक बारीक गोष्ट इथे. एका पायरीवरून वर गेल्यावर प्रमाण कसं बदललं ते बघा. हाय-ए मधे शंभरात १८ स्ट्राईकआऊट, डबल-ए मधे सुरवातीला २७ आणि दोन महिन्यांनी परत २० वर आला, असा पोरगा मला सरळ २० वाल्यापेक्षा जास्त आवडतो कारण त्यानं अडचण आल्यावर उत्तर शोधलेलं असतं. त्यामुळे पूर्ण सीझनचा एकच आकडा बघू नका, महिन्यामहिन्याचं बघा, फॅनग्राफ्स या साइटवर मायनर लीगचं सगळं फुकट मिळतं.

मग ताकद. यासाठी होम रन मोजण्यापेक्षा बॅटवरून बॉल किती वेगात सुटतो ते बघायचं, एक्झिट व्हेलॉसिटी. ताशी ९५ मैल म्हणजे साधारण १५३ किलोमीटरच्या वर गेला की त्याला हार्ड-हिट म्हणतात, आणि १९-२० वर्षांचा पोरगा अधूनमधून ११० मैल गाठत असेल तर ताकद आहे, होम रन आज नाही तर उद्या येतील. बेसबॉल सॅव्हंट या साइटवर ट्रिपल-ए चा आणि फ्लोरिडामधल्या सिंगल-ए लीगचा हा डेटा मिळतो, बाकीच्या लीगसाठी स्काऊटिंग रिपोर्ट वाचावे लागतात. त्या रिपोर्टमधे २० ते ८० ची पट्टी असते, ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, ६० चांगला, ७० दुर्मिळ, आणि ८० क्वचितच कोणाला मिळतात. हिट, पॉवर, रन (पळण्याचा वेग), फिल्डिंग, आर्म (फेकीची ताकद) असे पाच मार्क. फॅन्टसीत फिल्डिंग आणि आर्मचे पॉईंट मिळत नाहीत म्हणून लोक ते वाचतच नाहीत, पण भो, ज्याला फिल्डिंग येत नाही त्याला कोच रोज मैदानात उतरवणार कशाला? शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली अवघड जागा) खेळू शकणारा पोरगा बॅट थोडे दिवस थंड असली तरी टीममधे टिकतो, आणि गरज पडली तर सेकंड बेस किंवा आऊटफिल्डला सरकवतात. नुसता फर्स्ट बेस खेळणारा असेल तर त्याला बॅटिंग जबरदस्तच लागते. निक कुर्ट्झ तसा होता, मेजर लीगच्या २०२४ च्या ड्राफ्टमधे (नव्या पोरांची निवड) चौथा, २०२५ मधे मेजर लीगमधे ३६ होम रन आणि रूकी ऑफ द इयर (पहिल्या वर्षाचा सर्वोत्तम प्लेअर), पण कुर्ट्झसारखे रोज मिळत नाहीत. कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा, आपल्या विकेटकीपरसारखा) पोरांपासून तर मी लांबच राहतो, पिचर सांभाळायचं काम शिकण्यात त्यांची वर्षं जातात आणि बॅट उशिरा चालते.

स्टील्सबद्दल, म्हणजे पिचर बॉल टाकत असताना रनरनं पळून पुढचा बेस चोरणं. २०२३ मधे बेस १५ इंचावरून १८ इंच केले, पिच क्लॉक (पिचरला बॉल टाकायला वेळेची मर्यादा) आणलं, पिचरला रनरकडे बॉल फेकायच्या संधी मर्यादित केल्या, आणि मेजर लीगमधली स्टील्स २०२२ मधल्या २,४८६ वरून ३,५०३ वर गेली. म्हणजे वेगाला आता भाव आहे. पण मायनरच्या खालच्या पायऱ्यांवर कॅचर कच्चे असतात, तिथे ४० स्टील्स बघून हुरळू नका, किती वेळा पकडला गेला ते बघा आणि मुळात तो बेसवर पोचतो का ते बघा.

मैदान पण बघायला लागतं. ट्रिपल-ए च्या पॅसिफिक कोस्ट लीगमधे अल्बुकर्की, रिनो, लास व्हेगास अशी उंचावरची, कोरड्या हवेची गावं आहेत, तिथे बॉल तरंगतच जातो. अशा ठिकाणी २५ होम रन मारलेल्या बॅटरच्या मागे धावण्याआधी त्याचे बाहेरगावच्या मॅचचे आकडे वेगळे काढा. आणि तिथेच खेळून ज्या पिचरचा ईआरए (नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेले रन, कमी तेवढा चांगला) ५ दिसतोय त्याला कोणी सोडून देत असेल तर जरा थांबून त्याचे स्ट्राईकआऊट बघा, तिथे माल स्वस्तात मिळतो.

पिचर. इथे मी कडक आहे, मायनरच्या दहा जागा असतील तर दोनच्या वर पिचर ठेवू नका, फार तर तीन. कोपर जातं. टॉमी जॉन सर्जरी १९७४ मधे पहिल्यांदा डॉ. फ्रँक जोब यांनी केली तेव्हापासून असंख्य करिअर वाचली हे खरं, पण परत यायला साधारण १२ ते १८ महिने लागतात आणि तेवढा काळ तुमची जागा अडून राहते. घ्यायचाच असेल तर वरच्या पायऱ्यांवरचा, मेजरच्या उंबरठ्यावरचा घ्या. पॉल स्कीन्स बघा, जुलै २०२३ मधे ड्राफ्टचा पहिला पिक, ११ मे २०२४ ला मेजर लीगमधे पदार्पण, त्या वर्षी ईआरए १.९६, रूकी ऑफ द इयर, आणि पुढच्या वर्षी साय यंग (सर्वोत्तम पिचरचा किताब). पण १८ वर्षांचा हायस्कूल पिचर, ९८ मैल टाकतो म्हणून घेऊन पाच वर्षं सांभाळणं मला पटत नाही.

आणि नुसत्या वेगाला भुलू नका. २००८ मधे पिट्सबर्ग पायरेट्सनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं, टीव्हीवरच्या बॉल फेकायच्या स्पर्धेतून आलेली पोरं, बेसबॉल आधी कधी खेळलेली नव्हती, तिथवर पोचले हीच केवढी मोठी गोष्ट. पण मेजर लीगपर्यंत दोघांनाही जाता आलं नाही, कारण हात दमदार असणं वेगळं आणि पिचिंग वेगळं. पिचरमधे बघायचं ते हे की स्ट्राईकआऊटच्या टक्क्यातून वॉकचा टक्का वजा केल्यावर किती उरतं, २० च्या आसपास उरत असेल तर भारी. आणि किती प्रकारचे बॉल त्याच्याकडे आहेत, दोनच असतील तर बहुतेक पुढे रिलीव्हर (मॅचमधे नंतर येऊन थोडाच वेळ टाकणारा) होणार, मग तुमच्या लीगमधे त्याची किंमत अर्ध्यावर येते.

आता सगळ्यात अवघड भाग, धीर. पोरगा मेजर लीगला जातो, पहिले दोन महिने आपटतो, आणि लीगमधला कोणीतरी वैतागून त्याला स्वस्तात काढतो. तिथे तुम्ही हजर पाहिजे. ट्राऊटनं २०११ मधे ४० मॅचमधे .२२० मारले आणि पुढच्या वर्षी .३२६, ३० होम रन, ४९ स्टील्स. ॲरन जज २०१६ मधे ८४ ॲट-बॅटमधे (वॉक वगैरे सोडून मोजलेल्या टर्न) ४२ वेळा स्ट्राईकआऊट, ॲव्हरेज .१७९, आणि २०१७ मधे ५२ होम रन. जॅक्सन हॉलिडे, २०२२ चा पहिला पिक, २०२४ च्या एप्रिलमधे ३४ ॲट-बॅटमधे फक्त दोन हिट, परत खाली पाठवला, आणि २०२५ मधे बॉल्टिमोरसाठी रोज खेळत होता. जॅक्सन चुरिओ २०२४ मधे २० वर्षांचा, पहिले दोन महिने चाचपडला आणि सीझन संपला तेव्हा २१ होम रन, २२ स्टील्स. सगळेच असे उठत नाहीत, पण ज्याचं वय २०-२१ आहे आणि खालच्या पायऱ्यांवर स्ट्राईकआऊट ताब्यात होते त्याला दोनशे टर्नवरून फेकून देणं म्हणजे स्वतःच्या हातानं लीग दुसऱ्याला देणं.

तुमच्या लीगचे नियम पण नीट वाचा, लोक वाचत नाहीत. एली डे ला क्रूझनं २०२४ मधे २५ होम रन आणि ६७ स्टील्स केली पण २१८ वेळा स्ट्राईकआऊट झाला. होम रन, स्टील्स अशा पाच कॅटेगरी मोजणाऱ्या लीगमधे तो सोनं, आणि जिथे स्ट्राईकआऊटला पॉईंट कापतात तिथे तोच प्लेअर बराच खाली येतो. ऑन-बेसवाली (ॲव्हरेजऐवजी बेसवर पोचायचं प्रमाण मोजणारी) लीग असेल तर वॉक घेणारी पोरं वर आणा, एवढंच.

वर कधी येणार याचा अंदाज बांधताना फक्त खेळ बघून चालत नाही. मेजर लीगमधे १७२ दिवस भरले की एक वर्ष मोजतात आणि सहा वर्षं झाली की प्लेअर कुठल्याही टीमकडे जायला मोकळा, म्हणून पहिलं वर्ष अपुरं राहावं यासाठी टीम पोरांना दोन-तीन आठवडे खाली अडकवून ठेवायच्या. क्रिस ब्रायंटनं २०१५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमधे (सीझनआधीच्या सराव मॅच) नऊ होम रन मारले तरी शिकागो कब्सनी त्याला १७ एप्रिलला वर आणलं. २०२२ च्या नव्या करारात तयार पोरांना पूर्ण वर्ष खेळवणाऱ्या टीमला जादा ड्राफ्ट पिक मिळायची सोय झाली, त्यामुळे आता काही जण पहिल्या दिवसापासून दिसतात. त्याच्या पोझिशनवर वरच्या टीममधे कोण बसलंय आणि त्याचा करार किती वर्षांचा आहे हे दोन मिनिटात सापडतं, ते बघितल्याशिवाय ट्रेड करू नका.

रोजचं काम फार नाही. तिकडे संध्याकाळी सातला सुरू होणारी पूर्वेकडची मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारला असते, त्यामुळे उठेपर्यंत निकाल आलेले असतात, पश्चिमेकडच्या सुरू असतात. गंगापूर रोडला फिरून आलात की चहाबरोबर आपली दहा पोरं बघून घ्या. सोमवारी मायनर लीगला सहसा सुट्टी असते, म्हणून मंगळवारची सकाळ मी लिस्ट साफ करायला ठेवतो, दुसऱ्यांनी सोडलेली पोरं त्याच दिवशी चाळतो. ट्रेडचं बोलणं रविवारी मिसळीच्या टेबलावर करा, फोनवरच्या मेसेजमधे माणूस नाही म्हणायला मोकळा असतो. आणि दिवाळीच्या सुमारास ॲरिझोना फॉल लीग (निवडक मायनर पोरांची) चालू असते तेव्हा तिथले बॅटिंगचे आकडे बघून कोणी तुमच्या एखाद्या साध्या बॅटरसाठी भरमसाठ ऑफर दिली तर विकून टाका, तिकडची हवा कोरडी असते आणि चांगले पिचर सीझनभर दमून घरी बसलेले असतात.